जावेचं कॉलेज

टीचर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटला तर मला आधी तुमचं स्वयंपाकघर आठवावं लागतं. मालवणातलं चर्चच्या मागच्या गल्लीतलं ते छोटं कौलारू घर, मागे चार माड, आणि चुलीच्या वर भिंतीला लाल बारीक दिवा लावलेली येशूची तसबीर. तुम्ही आडाळ्यावर बसून नारळ खवता आहात आणि मी समोर पाटावर पुस्तक उघडून बसले आहे. शाळेत साडी नेसून शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही घरी फुलाफुलांचा फ्रॉक घालता आणि मालवणीत विचारता, "सांग गो, माल उधारीर हाडलो, तर डेबिट कोण आणि क्रेडिट कोण?" मी चुकले की तुम्ही उत्तर सांगत नाही, फक्त खवायचं थांबवता. ती खरखर थांबली की मला कळतं, चुकलं. मग मी पुन्हा विचार करते, घाबरत घाबरत दुसरं उत्तर देते, आणि खवणं सुरू झालं की समजते, जमलं. पलीकडच्या खोलीतून तुमची म्हातारी आई खोकत असते आणि तुम्ही मला सोडून तिच्याकडे एकदाही जात नाही, ती हाक मारेपर्यंत. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आज तुम्हाला लिहायला बसले त्याला कारण माझी धाकटी जाऊ. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती दोडामार्गाकडे कुठल्यातरी केळीच्या बागेत फ्रॉक घालून हिंडत असेल. माझ्या दिराने तिला लग्न करून आणलं तेव्हा ती नुकती बारावी कॉमर्स झालेली होती आणि लाजत सुद्धा नव्हती, इतकी लहान. दीर गोव्यात एका कारखान्यात कामाला होता, शनिवारी मोटरसायकलने घरी यायचा. एका शनिवारी वाटेत ट्रकची धडक बसली आणि तो आलाच नाही. मागे राहिली ही, आणि नुकती बोलायला लागलेली मुलगी. वर्ष सरल्यावर ती गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाऊ लागली. संध्याकाळी आली की आधी विहिरीवर जाऊन बोटं घासायची, पण ते काजूच्या सालीचं काळं काही जात नाही. तिच्या मुलीने एकदा शाळेत आईचं चित्र काढलं तर हात काळे रंगवले. बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, तसेच आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत फणसाचे गरे काढत बसलो होतो. हाताला तेल लावलेलं, चिकाचा वास, सासूबाई आत आडव्या झालेल्या. ती एकदम म्हणाली, "अक्का, माका बी.कॉम. करूचा आसा." कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायला माणूस हवा होता. तिने मालकांना जाऊन विचारलं होतं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत, सरळ म्हणाले, डिग्री असती तर घेतलं असतं. हसले असते तर मी विसरून गेले असते, ती मला म्हणाली, पण ते हसले नाहीत.

मी लगेच म्हटलं, "कर की." आणि त्या क्षणापासून मला जी धास्ती लागली ती अजून पुरती गेलेली नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी आज पतपेढीत आहे, रोज दुसऱ्यांचे आकडे जुळवते, पण घरातली एक गोष्ट ठरवायची झाली तर माझं पाणी पाणी होतं. मुलीला कोण बघणार, एसटी मिळणार कशी, इतक्या वर्षांच्या खंडानंतर कॉलेज घेईल का, गावात काय बोलतील, सासूबाई काय म्हणतील. आणि सगळ्यात आधी, झेपेल का. माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर, आमच्या मुलाचं बाहेरगावी शिक्षण चालू, आणि तिचा कारखान्याचा पगार म्हणजे तिचं आणि मुलीचं जेमतेम भागतं. मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "शिकू दे, पण बेतात बसेल असं बघ." ते बेतातलं बघायचं काम माझ्याकडे आलं. तिला वाटत होतं, अक्का बी.कॉम. झालेली आहे, तिला सगळं कळतं. मला काहीच कळत नव्हतं, टीचर. मी शिकले तेव्हा माझ्या वतीने तुम्ही बघितलं होतं.

मी अशी चार कॉलेजांची चौकशी करत, याला विचार, त्याला फोन कर, असं करत राहिले, आणि तेवढ्यात तिने स्वतःच एक पाऊल उचललं. शेजारच्या तालुक्यात स्टेशनच्या रस्त्याला, मोबाइलच्या दुकानावर एक नवी संस्था निघाली होती. एका वर्षात बी.कॉम., नोकरी सांभाळून, फी अगदी थोडी, असा फलक. ती कारखान्याला सुट्टी टाकून एकटी गेली आणि बारावीची मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला तिथे देऊन आली. मला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, डोळे चमकावत. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. एका वर्षात बी.कॉम. कसं होईल, एवढंच मी विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं तेज हळूहळू उतरताना मला बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पतपेढीत रजा सांगून मी तिला घेऊन तिथे गेले. सगळा रस्ता मी पर्सची चेन उघडत-लावत होते. वर एक खोली, काचेचं टेबल, भिंतीला पदवीदानाच्या टोप्या घातलेल्या मुलामुलींची चित्रं, आणि टेबलामागे एक तरुण, गोड बोलणारा माणूस. मी ऑफिसातलं मराठी काढलं आणि डिग्री कुठल्या विद्यापीठाची ते विचारलं. त्याने लांबच्या कुठल्यातरी राज्यातलं, मी कधी न ऐकलेलं नाव सांगितलं. परीक्षा कुठे होणार म्हटल्यावर तो हसला. "परीक्षेचं टेन्शन घेऊ नका मॅडम, ते आमच्याकडे लागलं." माझ्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. म्हणजे परीक्षा दुसराच कुणीतरी देणार, नाहीतर होणारच नाही. मी म्हटलं, आम्हाला प्रवेश नको, कागद परत द्या. तर तो म्हणाला की मूळ कागद मुख्य ऑफिसला गेले, यायला वेळ लागेल, फोन करून या.

मी उठले. खरंच उठले, पर्स खांद्याला लावली. मला वाटलं, वाद घालून हा माणूस उलट गेला तर कागद कायमचे जातील. पण माझी जाऊ उठली नाही. ती त्या खुर्चीवर तशीच बसून म्हणाली, "मी हयच बसतंय." तो म्हणाला, बसून काय होणार. तिने पिशवीतून डबा काढला आणि मांडीवर ठेवून घास घास खायला लागली, जशी कारखान्यात बायकांच्या ओळीत खाते तशी. मी शेजारी अवघडून बसले. थोड्या वेळाने एक नवरा-बायको मुलाला घेऊन चौकशीला आले. तो माणूस त्यांच्याशी गोड बोलायला लागला तशी ही आवाज न चढवता त्या बाईला म्हणाली, "माझी बारावीची मार्कशीट ह्यांच्याकडे आसा. ती गावली काय मी जातलंय." एवढंच. त्या बाईने नवऱ्याकडे बघितलं आणि ती तिघं, विचार करून येतो म्हणून जिना उतरली. मग एक मुलगी वडिलांबरोबर आली. हिने तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगितलं. ते दोघे गेल्यावर त्या माणसाने टेबलाचा खण उघडला आणि कागद काढून आमच्यासमोर टाकले. मुख्य ऑफिस त्या खणातच होतं.

परतीच्या एसटीत ती कागद छातीशी धरून बसली होती. मी विचारलं, एवढी घाई का केलीस. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एका वर्षात झाला असता, तर आईंची बोलणी एकच वर्ष खावची लागली असती." आणि मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता ती रडली.

तेव्हा मला तुमची आठवण आली, ते बोलणं आठवलं जे तुम्ही मला स्वयंपाकघरातच सुनावलं होतं. मी बारावी पास होऊन तुम्हाला पेढे द्यायला आले होते. बाबा जत्रांमधून गुळाचा खाजा विकायचे, आंगणेवाडीपासून सुरू करून पुढे जिथे जत्रा तिथे आमची पाटी, आणि आमच्या मसुऱ्याच्या घराला बारा महिने गूळ-आल्याचा वास. त्या वासातून मला कळायचं की यंदा किती विकलं आणि किती उरलं. तुम्ही विचारलंत, कुठल्या कॉलेजात जाणार. मला वाटलं, आपण समजूतदार आहोत असं दाखवावं. मी म्हटलं, "खंयचाय चलात टीचर, फी कमी आसली म्हणजे झाला." तुम्ही खवणं थांबवलंत. या वेळी खूप वेळ. मग म्हणालात, "खंयचाय चलात, तर घरी बसलंस तरीय चलात. बापूस उन्हात उभो रवान खाजो विकता तो खंयच्याय कॉलेजासाठी नाय." मी पेढ्यांचा डबा तिथेच ठेवून रडत बाहेर पडले. तुम्ही मागून हाक मारली नाहीत.

पण पुढच्याच आठवड्यात तुम्ही मसुऱ्याला आमच्या घरी आलात आणि बाबांना म्हणालात, चला, आपण दोघं हिला कॉलेजं दाखवून आणू. बाबांनी स्वच्छ धोतर नेसून बरोबर खाज्याचा मोठा पुडा घेतला, प्रिन्सिपॉल साहेबांना द्यायला. पहिल्या, जवळच्याच कॉलेजची इमारत बघूनच मी आणि बाबा भारावलो होतो. तुम्ही मात्र आत गेलाच नाहीत. फाटकाशी उभ्या राहिलात, बाबांच्या हातातला पुडा सोडलात आणि तास संपवून येणाऱ्या मुलींना खाजा वाटायला लागलात. बाबा कावरेबावरे झाले. मुली घोळका करून खात उभ्या राहिल्या आणि तुम्ही सहज विचारत गेलात, अकाउंट्सला कोण आहेत, तासाला येतात का, पुस्तकं मिळतात का, मुलींसाठी बसायला खोली आहे का. त्या सुंदर इमारतीत अकाउंट्सचे सर महिन्यातून कधीतरी दिसतात, हे आम्हाला खाज्याच्या पुड्याने कळलं. दुसरं कॉलेज बरंच लांब होतं, पत्र्याच्या छपराचं, आणि तिथल्या मुली सरांच्या नकला करून दाखवत होत्या, म्हणजे सर रोज दिसत होते. तुम्ही बाबांना म्हणालात, हे घ्या. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला गजराचं घड्याळ दिलंत, हिरव्या रंगाचं, कारण मसुऱ्याहून पहिली गाडी चुकली की दिवस गेला. ते इतकं मोठ्याने वाजायचं की शेजारच्या घरातली माणसंही माझ्याबरोबर उठायची आणि पहिले काही दिवस मला शिव्या द्यायची.

म्हणून मग मी जावेला घेऊन दोन कॉलेजांच्या फाटकाशी गेले. एक आमच्या घरापासून जवळचं, एका एसटीचं, सगळ्यात कमी फीचं. दुसरं लांबचं, दोन गाड्या बदलून जायचं, फी थोडी जास्त. त्याशिवाय रविवारी चालणारं मुक्त विद्यापीठाचं केंद्र होतंच. खरं तर मी पहिल्यापासून तेच सुचवत होते, घर आणि कारखाना दोन्ही सांभाळून होईल म्हणून. जवळच्या कॉलेजच्या कठड्यावर मुली बसल्या होत्या. एकीने माझ्या जावेला विचारलं, "काकी, बहिणीच्या ॲडमिशनला आलात?" ती गोंधळली. माझ्या मनात आलं, झालं, आता ही इथूनच परत फिरेल. पण ती म्हणाली, "नाय, माझ्याच." त्यातली एक मुलगी सरकली आणि तिने कठड्यावर जागा करून दिली. माझी जाऊ त्या मुलींमध्ये जाऊन बसली. मी लांबून बघत राहिले. काळ्या बोटांचे हात तिने पदराखाली घेतले होते.

मुलींनी सगळं सांगितलं. अकाउंट्सची जागा बरेच दिवस भरलेली नाही, तासावर येणारे एक सर आहेत, येतात तेव्हा चांगलं शिकवतात. पण वर्गातल्या सगळ्यांनीच बाहेर शिकवणी लावली आहे आणि शिकवणीवाले कॉलेजपेक्षा जास्त घेतात. म्हणजे स्वस्त ते स्वस्त नव्हतं. लांबच्या कॉलेजच्या फाटकावर आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे अकाउंट्सला दोघं जण होते. शिवाय कमवा आणि शिका योजनेत लायब्ररीत काम मिळत होतं आणि त्यातून फीचा बराचसा भार उतरणार होता. पण काजूचं काम सोडावं लागणार होतं, आणि सकाळी उजाडताना बाहेर पडून दिवेलागणीला घरी.

मी घरी येऊन पुन्हा जवळच्या कॉलेजची बाजू घेऊ लागले. म्हटलं, तू शिकवणी नको लावूस, अकाउंट्स मी शिकवते, घरच्या घरी. मला मनापासून तसं वाटत होतं. ती म्हणाली, "तुमी दमान येतास, अक्का. आणि माका वर्गात बसूचा आसा. लगीन झाला तेव्हा माका तेचीच हौस रवली हुती." रविवारच्या केंद्राचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

आता राहिल्या सासूबाई. त्यांना सांगायचं काम मीच अंगावर घेतलं आणि ते रोज पुढे ढकलत राहिले. आज त्यांचे गुडघे दुखतात, आज त्यांना सुकटीच्या भावावरून राग आलेला आहे, उद्या बघू. इकडे प्रवेशाची शेवटची तारीख जवळ येत चाललेली. शेवटी त्यांना ते बाहेरूनच कळलं, कारण कॉलेजच्या ऑफिसात नावाचा प्रश्न निघाला. बारावीच्या मार्कशीटवर तिचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी समजावून सांगितलं की सासरचं नाव लावायचं तर आधी गॅझेट करून आणा, त्याला वेळ लागेल. आत्ता लगेच प्रवेश हवा असेल तर मार्कशीटवरचं नाव राहू दे, डिग्रीवरही मग तेच येईल. गॅझेटची चौकशी करायला मिस्टर तलाठ्याकडे गेले, तिथे सासूबाईंचा भाचा होता, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी आमच्या दारच्या खळ्यात पोचली.

सासूबाई खळ्यात सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता त्या तिला बोलतील. पण त्या माझ्याकडे बघून बोलल्या. "तिकडे शिकतली, नोकरी करतली. म्हायारच्या नावान. मगे नातीक घेवन जातली. माझ्या झिलाचा ह्या घरात काय रवतला?" गेलेल्या मुलाचा विषय काढतानाही आवाज अजिबात चढलेला नव्हता. इतकी वर्षं मी त्यांना रागीट समजत आले. त्या घाबरलेल्या होत्या, टीचर. माझ्यासारख्याच. माझी भीती हातापायांत शिरते आणि त्यांची तोंडात, एवढाच फरक.

मी काही बोलणार तोच जाऊ आतून आली. तिने ऐकलं होतं. ती त्यांच्याजवळ खाली बसली, पण अंगाला लागून नाही. म्हणाली, "आई, माझ्या डिग्रीर तांचा नाव नसात. पण तुमच्या नातीच्या नावामागे तांचाच नाव आसा, आणि ता रवतलाच. ता मी बदलूचंय नाय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुढे काय होतला ता माका म्हायत नाय. खोटा कसा सांगू?" मी मनात म्हटलं, अगं बाई, हे शेवटचं तरी बोलायचं नव्हतंस. सांगून टाकायचं, मी कुठेही जाणार नाही म्हणून. पण तिने तसं सांगितलं नाही. सासूबाई उठून आत गेल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

नंतरचे दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. सासूबाई तिच्याशी बोलत नव्हत्या, ती माझ्याशीसुद्धा कमी बोलत होती, आणि शेवटची तारीख समोर. पतपेढीत माझ्या दोन पावत्या चुकल्या. त्या तारखेला सकाळी ती साडी नेसून तयार झाली आणि मुलीला शाळेत कोण सोडणार म्हणून माझ्याकडे बघायला लागली, कारण मला त्या दिवशी लवकर जायचं होतं. आम्ही दोघी तशाच उभ्या. तेवढ्यात सासूबाई चपला घालून बाहेर आल्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे त्या देवळापर्यंतही जात नाहीत. त्यांनी नातीचं दप्तर खांद्याला लावलं, तिचा हात धरला आणि आमच्याशी एक शब्द न बोलता पाणंदीने चालायला लागल्या. मधे एकदा थांबल्या, नातीला काहीतरी विचारलं, नातीने बोटाने रस्ता दाखवला. शाळा कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

प्रवेश झाला. माहेरच्या नावाने. सासूबाई त्यावर आजपर्यंत काही बोललेल्या नाहीत, पण मुलीला शाळेत त्याच सोडतात, आणि येताना दोन ठिकाणी बसून शेजारणींना सांगतात की आमची सून एवढ्या लांब शिकायला जाते, किती तो त्रास.

म्हणून सगळं ठीक झालं असं नाही, टीचर. परीक्षा जवळ आली आहे, संख्याशास्त्र तिला जड जातं, चाचणीत नापास झाली. वर्गातल्या मुली तिला अजून मधूनच काकी म्हणतात. गाडी चुकते. कारखान्यातली ती ऑफिसची जागा तोपर्यंत राहणार आहे का, कुणास ठाऊक. मी रोज संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते आणि गाडीचा दिवा दिसेपर्यंत काय काय मनात आणते ते तिला सांगत नाही. पण तिची बोटं आता हळूहळू उजळत चालली आहेत. नखांच्या कडेला थोडं काळं राहिलं आहे तेवढंच. ती जेवताना हिशेब सोडवून दाखवते, घसाऱ्याचे, भागीदारीचे. कधीकधी मला येत नाही, कारण आता बरंच बदललं आहे, तर ती मलाच समजावते.

एक गोष्ट मला हल्लीच सुचली. मी कॉलेजला जायला लागल्यावर तुमच्या घरी येणं सुटलं. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग नाताळात कुसवार, तुमचा तो फराळ, घ्यायला. पुढे माझं लग्न झालं आणि तुमची आईही गेली. तुम्ही आजारी पडल्याचं मला कळलं तेव्हा तुम्हाला गोव्याला बहिणीकडे नेलं होतं आणि तुम्ही परत आलाच नाहीत. त्या मधल्या वर्षांत तुमच्या संध्याकाळी कशा जात होत्या, ते मला माहीत नाही. तुम्ही मला लांबचं कॉलेज निवडून दिलंत. जवळचं दिलं असतंत तर मी कॉलेजातून येता-जाता तुमच्याकडे आले असते. तुम्ही तो विचार केला नसेल असं मला वाटत नाही.

आज रविवार आहे. जाऊ काल सकाळी मुलीला आणि सासूबाईंना घेऊन दोडामार्गाला गेली, तिच्या भावाकडे वास्तुशांत होती. मिस्टर ड्युटीवर. मघाशी तिचा फोन आला की एका मैत्रिणीचं घर वाटेतच आहे, दोघी मिळून संख्याशास्त्राचा अभ्यास करतील, तर सासूबाईंना आणि मुलीला भाऊ घरी सोडेल आणि ती उद्या तिथूनच कॉलेजला जाईल, चालेल का. मी म्हटलं, राहा, बिनधास्त राहा, इकडची काळजी करू नकोस. आवाज चांगला मोकळा काढला. ती खूश झाली.

हे पत्र मी कुठे टाकणार, टीचर. गोव्यात तुम्हाला कुठल्या चर्चमध्ये ठेवलं तेही मी विचारलेलं नाही. तुम्हाला सांगितलं नाही तर कुणाला सांगू म्हणून लिहिते. फी, शिकवणी, एसटी, कारखाना हे सगळं मी मोजत होते ते खरं आहे. पण मी तिला जवळचं कॉलेज घे, रविवारचं केंद्र घे, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते ते तेवढ्यासाठी नव्हतं. ती शिकून एक दिवस जाईल, आणि तिने जावं असंच मला वाटतं, आणि नाही वाटत. फोन ठेवल्यावर मी संध्याकाळच्या भाताचे तांदूळ धुवायला घेतले. ती येणार नाही हे नुकतंच ऐकलेलं असून तिच्या वाट्याची मूठ मी त्यात घातली, आणि मग काढली नाही.